भूतकाळी क्रियापद आणि इन्फिनिटिव्ह (इंग्रजी) : बेळगाव सीमाभागातील वापर

इंग्रजीत दोन क्रियापदे जोडून आली आणि गोष्ट मागची असली, की भूतकाळाची खूण फक्त पहिल्यावर पडते. दुसरे मूळ रूपातच राहते. बहुधा ‘टू’ घेऊन, काही वेळा ‘टू’शिवाय. ‘वॉन्टेड टू गो’, ‘डिसायडेड टू सेल’, ‘मेड हिम राइट’, ‘डिडन्ट कम’ ही रोजची उदाहरणे. काळ, पुरुष, वचन यांपैकी काहीच अंगावर न घेणाऱ्या या दुसऱ्या रूपाला इन्फिनिटिव्ह म्हणतात. नियम एका ओळीत मावतो. घोळ होतो तो पहिल्या क्रियापदाच्या निवडीत, आणि तिथे शिकणाऱ्याची मातृभाषा मध्ये येते.

1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला. म्हणून चंदगडचा विद्यार्थी महाराष्ट्र मंडळाची दहावी देतो आणि शेजारच्या खानापूरचा कर्नाटकची एसएसएलसी, म्हणजे तिथली दहावी. खानापूर, निपाणी, बेळगाव शहर या पट्ट्यातल्या मराठी घरांत बोलणे मराठीतून चालते, पण बाजारात, बसमध्ये आणि सरकारी कचेरीत कन्नड कानावर पडतच असते. इंग्रजीच्या तासाला बसणाऱ्या मुलाच्या डोक्यात अशी दोन व्याकरणे आधीच तयार असतात. शाळा त्यांतले एकच कामाला लावते.

‘आय डिडन्ट वेन्ट’ ही चूक घ्या. ती आळसाने होत नाही, तिच्यामागे मराठीचा चोख हिशेब आहे. ‘मी गेलो’ याचा नकार ‘मी गेलो नाही’. ‘नाही’ आले तरी ‘गेलो’ जागचे हलत नाही. मग ‘वेन्ट’ तरी का हलावे? कन्नडात मात्र ते हलते. ‘तो गेला’ म्हणजे ‘होदनु’, पण ‘गेला नाही’ म्हणजे ‘होगलिल्ल’. भूतकाळी ‘होद’ बाजूला होते, ‘होगलु’ हे इन्फिनिटिव्ह पुढे येते आणि त्याला ‘इल्ल’ चिकटते. इंग्रजीत भूतकाळ ‘डिड’ उचलतो, कन्नडात तो त्या जोडणीतूनच कळतो. मुख्य क्रियापद मात्र दोन्हीकडे काळाच्या ओझ्यातून सुटलेले. गल्लीत कन्नड पोरांबरोबर खेळणाऱ्या मुलाला ‘होगलिल्ल’ आणि ‘डिडन्ट गो’ फळ्यावर शेजारी लिहून दाखवले, तर वेगळा नियम घोकायला नको. पण मराठी शाळेत इंग्रजी शिकवताना कन्नडचा दाखला द्यायची रीत फारशी नाही, आणि सीमावादाच्या गावात ती का नाही हे कुणी कुणाला विचारत नाही. जाता जाता : शेक्सपिअरच्या काळच्या इंग्रजीत ‘आय वेन्ट नॉट’ हे शुद्ध वाक्य होते, म्हणजे अगदी आपल्या ‘गेलो नाही’च्या घडणीचे. ‘डिड’ची सक्ती नंतरची.

खरी अडचण ‘जायचं होतं’ या रूपाची. ‘मला काल कोल्हापूरला जायचं होतं’ या वाक्याची इंग्रजीत निदान तीन वाक्ये होतात. इच्छा सांगायची तर ‘वॉन्टेड टू गो’. आधी ठरले होते असे सांगायचे तर ‘वॉज टू गो’, किंवा बोलण्यात जास्त चालणारे ‘वॉज सपोज्ड टू गो’. भाग होते असे सांगायचे तर ‘हॅड टू गो’. मराठी वाक्य गेलो की नाही हे सांगत नाही, उलट गेलो नाही अशीच शंका येते, ऐकणारा ‘मग?’ म्हणून वाट पाहतो. ‘हॅड टू गो’चे तसे नाही. ते ऐकणारा सहसा माणूस गेला असेच धरून चालतो. ‘आय हॅड टू सबमिट द फॉर्म येस्टरडे’ असे अर्जात लिहिणाऱ्याच्या मनात ‘काल फॉर्म द्यायचा होता, तो राहिला’ असे असते. टेबलापलीकडचा माणूस समजतो की फॉर्म काल मुकाट्याने दिला गेला. इथे ‘वॉज सपोज्ड टू सबमिट’ हवे. ‘हॅड टू’ची खरी जोडी आहे ‘जावं लागलं’शी, कारण त्यात जाणे घडलेले आहे. कन्नडातही हा भेद असाच दोन रूपांत वाटलेला आहे : ‘होगबेकित्तु’ म्हणजे जायला हवे होते, ‘होगबेकायितु’ म्हणजे जावे लागले. इंग्रजीत ‘मस्ट’ला स्वतःचे भूतकाळी रूप नाही, म्हणून सक्तीचा सगळा भूतकाळ ‘हॅड टू’वर येऊन पडतो.

दुसरी क्रिया घडली की नाही, हे इन्फिनिटिव्हकडे पाहून कधीच कळत नाही. त्याचे उत्तर पहिल्या क्रियापदाकडे असते. ‘मॅनेज्ड टू कॅच द बस’ म्हणजे बस मिळाली. ‘फर्गॉट टू लॉक द डोअर’ म्हणजे कुलूप लावले गेले नाही. नकार दिला की निकाल उलटतो : ‘डिडन्ट फर्गेट टू लॉक’ म्हणजे कुलूप लागले. ‘वॉन्टेड’, ‘होप्ड’, ‘प्लॅन्ड’, ‘डिसायडेड’ यांच्यानंतर मात्र काहीही झालेले असू शकते. पहिल्या गटातल्या क्रियापदांना ‘इम्प्लिकेटिव्ह’ हे नाव फिनिश भाषाशास्त्रज्ञ लाउरी कार्टुनेन यांनी 1971 मध्ये दिले. ‘कुड’चा एक सापळा याच्या लगतच आहे. ‘पळत जाऊन निपाणीची बस पकडता आली’ हे एका वेळचे यश ‘आय कुड कॅच द बस’ असे सांगितले तर इंग्रजी कानाला खटकते. तिथे ‘वॉज एबल टू’ किंवा ‘मॅनेज्ड टू’ लागते. नकारात ‘कुडन्ट’ बिनदिक्कत चालतो.

काही क्रियापदांपुढे इन्फिनिटिव्ह आणि ‘इंग’वाले रूप यांत अर्थच बदलतो. ‘वी स्टॉप्ड टू बाय कुंदा’ म्हणजे कुंदा (बेळगावची मिठाई) घ्यायला गाडी थांबवली. ‘वी स्टॉप्ड बाइंग कुंदा’ म्हणजे घरात कुणाची तरी शुगर वाढली. ‘रिमेम्बर्ड टू पोस्ट’ म्हणजे आठवणीने टाकले, ‘रिमेम्बर्ड पोस्टिंग’ म्हणजे टाकल्याचे आठवले.

बोलीभाषेतून येणारा एक गोंधळ खास या पट्ट्यातला आहे, तसा तो कोल्हापूरकडेही सापडतो. इथल्या बोलण्यात ‘तो काय कराय लागलाय?’ याचा अर्थ ‘काय करतोय’ असाच असतो, सुरुवात झाल्याचे त्यात काही नाही. उत्तर कर्नाटकातल्या बोली कन्नडचे ‘माडाक हत्त्यान’ हेही याच घडणीचे. त्यामुळे ‘मी गेलो तेव्हा तो जेवाय लागला होता’ याचे भाषांतर शब्दाला शब्द ठेवून ‘ही हॅड स्टार्टेड टू ईट’ असे होते, आणि सांगायचे असते ‘ही वॉज ईटिंग’. शिवाय ‘मला जायला लागलं’ म्हटले की तिसराच अर्थ, ‘हॅड टू गो’. कर्ता ‘मी’ आहे की ‘मला’, एवढ्यावर इंग्रजी क्रियापद बदलते. पुस्तकी मराठीतून शिकवणाऱ्या शिक्षकाच्या हे लक्षात येत नाही. गावातलाच शिक्षक असेल तर पटकन येते.

‘टू’ कुठे गाळायचा हा भाग त्या मानाने सोपा. ‘मेड’, ‘लेट’, ‘सॉ’, ‘हर्ड’ यांच्यानंतर तो येत नाही : ‘सरांनी मला पुन्हा लिहायला लावलं’ म्हणजे ‘मेड मी राइट इट अगेन’. ‘लिहायला’तला ‘ला’ मुलाला ‘टू’ची आठवण करून देतो आणि ‘मेड मी टू राइट’ लिहून होते. सतराव्या शतकातल्या इंग्रजीत ‘मेक’नंतर ‘टू’ सर्रास सापडतो, हे त्या मुलाच्या बाजूने सांगता येईल. गुण त्याने मिळत नाहीत. कर्मणी वाक्यात तोच ‘टू’ परत येतो : ‘आय वॉज मेड टू राइट’. ‘हेल्प्ड’नंतर दोन्ही चालते. ‘लेट’ला आपले ‘जाऊ दिलं’ नेमके बसते, कारण तिथे मराठीही ‘जायला’ सोडून ‘जाऊ’ घेते.

‘यूज्ड टू’ कानाने शिकता येत नाही. शेवटचा ‘ड’ पुढच्या ‘ट’त विरतो आणि ऐकू येते ते ‘यूस्टू’. म्हणून इंग्रज मुलेही लिहिताना तो ‘ड’ खातात. ‘डिडन्ट’ आला की मात्र वर सांगितलेल्याच नियमाने तो खरोखर जातो आणि ‘डिडन्ट यूज टू’ असे लिहितात. ‘ट्राय अँड’ची गंमत याहून वेगळी. ‘ट्राय अँड कम’, ‘विल ट्राय अँड कम’ हे बोलण्यात नेहमीचे आहे, पण त्याचा भूतकाळ करता येत नाही. ‘ट्राइड अँड कम’ कुणी म्हणत नाही, आणि ‘ट्राइड अँड केम’ म्हटले तर प्रयत्न केला आणि आलोही, असा निराळाच अर्थ होतो. भूतकाळात ‘ट्राइड टू कम’ एवढाच रस्ता उरतो.

इन्फिनिटिव्हला स्वतःचा काळ नसला तरी ‘हॅव’ लावून त्याला आणखी मागे ढकलता येते. ‘सीम्ड टू नो’ म्हणजे तेव्हा माहीत असावेसे वाटले. ‘सीम्ड टू हॅव गॉन’ म्हणजे त्याआधीच गेला असावासा वाटला. ‘वॉज टू’ला हे शेपूट जोडले की बेत फसल्याचीही खबर मिळते : ‘द मिनिस्टर वॉज टू हॅव कम’ म्हणजे मंत्री येणार होते, आले नाहीत. मराठीत त्यासाठी ‘येणार होते’ म्हणून थोडे थांबले, की पुरते.