इ. स. ४९९
ज्युलियन दिनदर्शिकेनुसार शुक्रवारी सुरू झालेले सामान्य वर्ष. या वर्षाला ४९९ हा आकडा त्या काळी कोणीही दिला नव्हता. ख्रिस्तजन्मापासून वर्षे मोजण्याची पद्धत डायोनिसियस एक्झिगुअस या ख्रिस्ती भिक्षूने इ. स. ५२५ मध्ये मांडली आणि ती रूढ होण्यास पुढे काही शतके लागली. रोमन साम्राज्यात अनास्तासियस पहिला याच्या कारकिर्दीतील हे वर्ष कॉन्सल या दरवर्षी नेमल्या जाणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावाने ओळखले जाई. ईजिप्तमधील ख्रिस्ती लोक रोमन सम्राट डायोक्लीशनच्या राज्यारोहणापासून मोजत असल्याने, ऑगस्टअखेरीस त्यांचे २१६ वे वर्ष लागले. सिरियात शरद ऋतूत सिल्युसिड राजवंशाच्या शकाचे ८११ वे वर्ष सुरू झाले. चीनमध्ये एकाच वर्षाला दोन नावे होती : उत्तरेकडील वेई राज्यात तायहे २३ आणि दक्षिणेकडील छी राज्यात युंगयुआन १. साठ वर्षांच्या चक्रातील स्थान मात्र दोन्हीकडे एकच होते.

भारतात या वर्षाचे महत्त्व गणिती आहे. चैत्रापासून शके ४२१ सुरू झाले आणि कलियुगाची ३६०० वर्षे पूर्ण झाली. साठ वर्षांची साठ आवर्तने संपली तेव्हा आपल्या जन्माला तेवीस वर्षे झाली होती, असे आर्यभटाने ‘आर्यभटीया’त नोंदविले आहे. यावरून ग्रंथ त्याच वर्षी लिहिला असे सर्रास सांगितले जाते. परंतु श्लोकात वय आहे, ग्रंथलेखनाचा उल्लेख नाही, त्यामुळे तो केवळ तर्क ठरतो. आर्यभटाच्या वर्षमानाने ३६०० वर्षांचे १३,१४,९३१ दिवस आणि वर पाव दिवस होतात. इ. स. पू. ३१०२ मधील १८ फेब्रुवारीच्या सूर्योदयापासून, म्हणजे कलियुगारंभापासून, ते मोजल्यास, मध्यम सूर्याचे (सरासरी समान गतीने चालणारा मानलेल्या सूर्याचे) मेष राशीच्या आरंभी येणे २१ मार्च ४९९, रविवारी, दुपारी पडते. म्हणजे वसंतसंपाताच्या (वसंतात दिवस व रात्र समान होण्याच्या क्षणाच्या) अगदी जवळ.

या जवळिकीमुळे अयनांश, म्हणजे वसंतसंपात व मेषारंभ यांतील अंशात्मक अंतर, शून्य असण्याचा काळ याच सुमारास धरला जाऊ लागला. उपलब्ध ‘सूर्यसिद्धान्ता’च्या गणिताने तो कलिवर्ष ३६०० लाच येतो, तर कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने ‘ग्रहलाघव’ या ज्योतिषग्रंथात तो शके ४४४ मानला. त्याची रीत पंचांगकर्त्यांना सोयीची होती : शकातून ४४४ वजा करून बाकीला साठाने भागले की अयनांश मिळत.