चप्पल लाइनीतला सेकंदांचा हिशेब

कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत दिवाळीची गर्दी आहे आणि काउंटरवर बिल चाललंय असं समजा. विक्रेता नग टाइप करतो, हात माउसवर नेतो, यादी उघडून 'कापशी' हा चपलेचा प्रकार निवडतो, हात परत कीबोर्डवर आणतो. या एका ओळीला किती वेळ लागेल, हे सॉफ्टवेअर लिहिण्याआधीच कागदावर काढता येतं. स्टुअर्ट कार्ड, टॉमस मोरान आणि ॲलन न्यूएल या संशोधकांनी 1980 साली ही रीत मांडली.

हात कीबोर्डवरून माउसवर न्यायला 0.4 सेकंद, माउसनं नेम धरायला 1.1, बटण दाबून सोडायला 0.2 आणि 'आता काय' या मनातल्या विचाराला 1.35. बऱ्यापैकी टायपिंग येणाऱ्याला एक कळ दाबायला 0.28. आता बेरीज करू. हात नेणं-आणणं 0.8, विचार 1.35, दोनदा नेम धरून क्लिक 2.6, झाले 4.75 सेकंद. त्याऐवजी तीन आकडी कोड टाइप करून एंटर मारला, तर विचार 1.35 आणि चार कळा 1.12, म्हणजे 2.47. दिवसाला 300 ओळी धरल्या, तर अकरा मिनिटांहून जास्त वाचतात.

यात गोम आहे. हा हिशेब मुरलेल्या आणि न चुकणाऱ्या हाताचा. कालच कामाला लागलेला पोरगा कोड आठवत नाही म्हणून भिंतीवरचा तक्ता बघतो आणि वाचलेले सेकंद तिथंच जातात. शिवाय विचाराचा 1.35 नेमका कुठं कुठं धरायचा, यावर दोन जाणकारांचंही एकमत होत नाही. म्हणून दोन रचनांची तुलना करायला ही रीत पक्की, पण नुसत्या आकड्यावर पैज लावू नये.

कार्ड यांची पदवी भौतिकशास्त्रातली, पीएच.डी. मानसशास्त्रातली. 1974 पासून ते झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथल्या प्रयोगशाळेत होते. 1978 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी सहकाऱ्यांबरोबर माउस, जॉयस्टिक आणि दोन तऱ्हेच्या कळा यांची शर्यत लावून पाहिली. माउस जिंकला, पण खरी गंमत पुढं आहे. लक्ष्य जितकं लांब आणि लहान तितका वेळ जास्त, हा मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी 1954 साली मांडलेला नियम माउसला जवळजवळ हातासारखाच लागू पडला. म्हणजे वेग अडत होता तो माणसाच्या डोळ्या-हाताच्या मेळामुळे, यंत्रामुळे नव्हे. झेरॉक्सनं 1981 साली बाजारात आणलेल्या स्टार संगणकाबरोबर माउस होता.

पुढं नव्वदच्या दशकात पीटर पिरोली या संशोधकाबरोबर कार्ड माहितीच्या शोधाकडे वळले. जनावर वासावरून चारा हुडकतं, तसा माणूस शब्दांच्या 'वासा'वरून माहिती हुडकतो, असा तो सिद्धान्त. करवीर तालुक्यात वाऱ्यावर काहिलीचा वास आला की गुऱ्हाळ कुठल्या अंगाला आहे ते कळतं, पाटी लागत नाही. बिलाच्या मेनूत मात्र 'माल परत' हा पर्याय 'इतर'खाली दडवलेला असतो. 'इतर'ला कसलाच वास नाही. मग विक्रेता एकेक मेनू उघडत सुटतो, दर वेळी ते 1.35 सेकंद पुन्हा मोजतो, आणि गिऱ्हाईक हातात जोड घेऊन तसंच उभं.