गप्प गाठीचा रक्तातला माग

मेंदूच्या तळाशी, कवटीच्या हाडातल्या एका खळग्यात पीयूषिका ग्रंथी असते. डॉक्टर तिला पिट्युटरी म्हणतात. आकार वाटाण्याएवढा, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. पण उंची, पाळी, अंगावरचं दूध, थायरॉइडचं काम, सगळं तिच्या हुकमावर चालतं. कवटीच्या आत होणाऱ्या गाठींपैकी साधारण १० ते १५ टक्के गाठी या ग्रंथीच्या असतात. बहुतेक कॅन्सरच्या नसतात.

यातल्या काही गाठी स्वतःहून पत्ता देतात. प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं संप्रेरक, वाढलं की पाळी थांबते. वाढीचं संप्रेरक वाढलं की चपलेचा नंबर बदलतो, अंगठी बोटात रुतते. अशा वेळी रक्तातलं संप्रेरक मोजलं की माग लागतो. खरी अडचण गप्प गाठींची. त्या जादा संप्रेरक सोडतच नाहीत. वर वाढत जाऊन डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात तिथे दाब देतात आणि दोन्ही बाजूंची नजर हळूहळू विझते. समोरचं नीट दिसतं, म्हणून माणूस आधी चष्मा बदलून पाहतो. नाकातून शस्त्रक्रिया करून गाठ काढली तरी कधी थोडी उरते, पुन्हा वाढते. मग वर्षानुवर्षं एमआरआय. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर राबणाऱ्या कामगाराला दर खेपेला तपासणीचा खर्च तर येतोच, वर त्या दिवसाची मजुरीही बुडते. म्हणून गप्प गाठीची खूण साध्या रक्तात सापडावी, ही इच्छा मला फार मोलाची वाटते.

ती खूण मायक्रोआरएनएमध्ये शोधली जाते आहे. आरएनए म्हणजे जनुकाच्या मजकुराची पेशीत होणारी नक्कल. हे मायक्रोआरएनए रेणू सुमारे २२ अक्षरांचे, म्हणजे अगदी तोकडे. अमेरिकी शास्त्रज्ञ व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना ते १९९३ मध्ये एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत सापडले. २०२४ चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. जॅकार्ड या नक्षीच्या मागावर चादर विणताना कार्डावरच्या भोकांनुसार नक्षी उठते. काही भोकांवर चिकटपट्टी लावली तर कार्ड तेच राहील, पण तेवढी नक्षी उठणार नाही. मायक्रोआरएनए जनुकाच्या निरोपावर असंच चिकटतं आणि त्या निरोपाचं प्रथिन बनणं रोखतं.

वाढीचं संप्रेरक आणि प्रोलॅक्टिन सोडणाऱ्या गाठींमध्ये मायक्रोआरएनए-१५ए आणि १६-१ कमी झालेले असतात, हे इटलीतल्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवलं. पण ते गाठीच्या तुकड्यात. रक्तात फिरणारे मायक्रोआरएनए कॅन्सरची खूण ठरू शकतात, ही कल्पना २००८ च्या सुमारास रुजली. मोकळा आरएनए रक्तात क्षणभरही टिकत नाही. हे मात्र प्रथिनांना बिलगून किंवा पेशींनी सोडलेल्या सूक्ष्म पिशव्यांत बसून फिरतात, म्हणून तगून राहतात. पीयूषिकेच्या पुढच्या भागातल्या रक्तवाहिन्या तर मेंदूतल्यासारख्या कडेकोट बंद नसतात. संप्रेरकं रक्तात सोडणं हेच तिचं काम. वाट उघडी आहे.

तरी निकाल अजून हाती आलेला नाही. हंगेरीतल्या एका गटाने २०१९ मध्ये रुग्णांचं शस्त्रक्रियेआधीचं आणि नंतरचं रक्त तपासलं. एका प्रकारच्या गाठींमध्ये, ज्यांतल्या बऱ्याचशा गप्प असतात, मायक्रोआरएनए-१४३-३पी शस्त्रक्रियेनंतर घटलेलं दिसलं. आशा वाढवणारं आहे, पण रोजच्या उपचारात वापरण्याइतकं पक्कं नाही. गाठ इवलीशी, तिचा आवाज साऱ्या शरीराच्या गलक्यात बुडतो. शिवाय वेगवेगळ्या अभ्यासांतल्या याद्या एकमेकींशी फारशा जुळत नाहीत.

न जुळण्याचं एक मोठं कारण रक्ताच्या नळीतच आहे. तांबड्या पेशींत मायक्रोआरएनए-१६ आणि ४५१ए खच्चून भरलेले असतात. सुई नीट लागली नाही, नळी जोरात हलली किंवा रक्तरस वेगळा करायला उशीर झाला, की त्या फुटतात आणि आतला माल बाहेर सांडतो. म्हणजे गाठीत जे १६ घटलेलं सापडलं, तेच रक्तात खोटं वाढलेलं दिसणार! त्यात कित्येक अभ्यासांनी याच १६ ला मोजमापाचा पाया मानलं. पायाच हलला तर वरचे आकडे कसे टिकणार? रक्त गोठू दिलं तर बिंबिकाही (प्लेटलेट) आपले मायक्रोआरएनए सोडतात, आणि नळीत हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारं औषध असेल तर पुढची पीसीआर, म्हणजे रेणूंच्या प्रती काढून मोजण्याची चाचणी, अडते.

इथे सोलापूरचा संबंध थेट येतो. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. अक्कलकोट किंवा मंगळवेढ्यात काढलेलं रक्त आधी शहरात येणार, मग कदाचित अडीचशे किलोमीटरवरच्या पुण्याला जाणार. वेगळा केलेला रक्तरस खोलीच्या तापमानात दिवसभर राहिला तरी मायक्रोआरएनए बऱ्यापैकी टिकतात. जोखीम आहे ती पेशींसकट उन्हातान्हात हिंदकळणाऱ्या अख्ख्या रक्ताची. म्हणून ईडीटीएची (रक्त गोठू न देणाऱ्या दुसऱ्या रसायनाची) नळी, तास-दोन तासांत सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून रक्तरस वेगळा करणं आणि रक्तरसात लालसर छटा आहे का याची तपासणी, एवढी शिस्त तालुक्याच्या ठिकाणी जमली पाहिजे. आणि या चाचणीचे पुढचे अभ्यास भारतात होतील तेव्हा त्यांत केवळ महानगरांतल्या थंडगार प्रयोगशाळांतले नमुने न घेता अशा गावांतून, अशा उन्हातून आलेल्या नळ्याही असाव्यात. तोवर गप्प गाठीसाठी एमआरआय आणि नजरेच्या कक्षेची तपासणी यांवरच विसंबावं लागेल.