हायब्रिड सुपरकारची रात्र: एका शांततेची पार्श्वभूमी

मॅक्लारेन आर्टुरा किंवा फेरारी २९६ जीटीबी यांसारखी गाडी रात्री उशिरा गॅरेजबाहेर काढताना सर्वांत आधी जाणवते ती आवाजाची अनुपस्थिती. बटण दाबले की पडद्यावरचे आकडे उजळतात, गाडी निघायला तयार असल्याची खूण दिसते, पण आसनांच्या मागे बसवलेले सहा सिलिंडरांचे इंजिन बंदच असते. वस्ती मागे पडेपर्यंत गाडी विजेवर चालते. मोठ्या रस्त्याला लागल्यावर चालकाने अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला किंवा मोड बदलला, की गाडी धावत असतानाच इंजिन सुरू होते. जुन्या पिढीच्या सुपरकारला ही सोय नव्हती. धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक लवकर तापावे म्हणून थंड इंजिन सुरुवातीला मुद्दाम वाढीव फेऱ्यांवर चालवले जाते आणि मोठ्या इंजिनाच्या बाबतीत तेवढ्याने आजूबाजूच्या घरांतली झोप मोडते.

रात्री या गाड्या चालवण्याच्या अनुभवाबद्दल जे लिहिले जाते, त्यात या शांततेचा उल्लेख हटकून असतो, आणि ती जणू चालकाच्या सुखासाठीच योजली होती असा समज त्यातून होतो. इतिहास मात्र वेगळे सांगतो. सुपरकारमध्ये वीज आली ती शर्यतींतील इंधनाच्या मर्यादांमुळे, युरोपातील कार्बन डायऑक्साइडच्या नियमांमुळे आणि टर्बो इंजिनाची, म्हणजे धुराच्या झोताच्या जोरावर जादा हवा आत ढकलणाऱ्या इंजिनाची, एक जुनी उणीव भरून काढण्यासाठी. शांतता तिच्या पाठोपाठ आली. माझ्या मते या गाड्यांनी दिलेल्या गोष्टींपैकी रात्रीच्या प्रवासाचे स्वरूप सर्वाधिक बदलणारी गोष्ट तीच ठरली.

पेट्रोल आणि वीज एकाच गाडीत आणण्याची, म्हणजे हायब्रिडची, कल्पना मोटारीच्या बाल्यावस्थेइतकीच जुनी आहे. व्हिएन्नातील लोनर या बग्ग्या बनवणाऱ्या कंपनीत काम करणाऱ्या तरुण फर्डिनांड पोर्श यांनी १९०० मध्ये ‘सेम्पर व्हिवुस’ ही गाडी तयार केली. तिची चाके फिरवणाऱ्या विजेच्या मोटरी चाकांच्या तुंब्यातच बसवलेल्या होत्या आणि पेट्रोल इंजिने फक्त वीज निर्माण करण्याचे काम करीत. पेट्रोल स्वस्त झाले, इंजिने सुधारली आणि हा मार्ग जवळपास शतकभर मागे पडला. १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये टोयोटा प्रियस विक्रीस आली तेव्हा हायब्रिड या शब्दाला काटकसरीचा अर्थ चिकटला. वेगाच्या चाहत्यांना त्याचे आकर्षण वाटण्याचे काहीच कारण नव्हते.

ते कारण शर्यतींनी दिले. २००९ च्या हंगामात फॉर्म्युला वनमध्ये ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा साठवून पुन्हा वापरण्याची मुभा मिळाली. मर्यादा ६० किलोवॉटची, म्हणजे सुमारे ८० अश्वशक्तीची होती आणि ही जादा ताकद एका फेरीत जेमतेम साडेसहा सेकंद मिळे. त्याच वर्षी हंगेरीत लुईस हॅमिल्टन यांनी मॅक्लारेनमधून मिळवलेला विजय हा अशा प्रणालीच्या गाडीचा फॉर्म्युला वनमधला पहिला विजय होता. पुढच्या वर्षी जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंगच्या २४ तासांच्या शर्यतीत पोर्शच्या ९११ जीटी३ आर हायब्रिडने रात्र पार करून आघाडी घेतली होती. शर्यत संपायला दोन तासांहून कमी वेळ उरला असताना ती थांबली. बिघाड पेट्रोल इंजिनात झाला होता. गरगर फिरणाऱ्या चक्रात ऊर्जा साठवणारी तिची नवी यंत्रणा मात्र शाबूत राहिली होती.

रात्रीचा विषय निघाला की ल माँकडे वळावेच लागते. फ्रान्समधल्या या गावाबाहेरच्या रस्त्यांवर १९२३ च्या मे महिन्यात २४ तासांची पहिली शर्यत झाली. सर्वसामान्यांना विकल्या जाणाऱ्या गाड्या, त्यांचे दिवे आणि विजेची उपकरणे रात्रभर तग धरतात का, हे तपासणे हा तिच्या मूळ हेतूंपैकी एक होता. रस्ता आजच्यासारखा गुळगुळीत नव्हता. जॉन डफ आणि फ्रँक क्लेमेंट यांच्या बेंटलीचा दिवा उडालेल्या दगडाने फुटला आणि उरलेल्या उजेडावर त्यांना पुढची रात्र काढावी लागली. गाडी किती वेगाने धावू शकते याला चालकाला किती दूरचे दिसते याची मर्यादा असते, हे सत्य पहिल्याच वर्षी समोर आले. त्यानंतरची कित्येक दशके दिवे बनवणाऱ्या कंपन्यांनी ल माँकडे आपली प्रयोगशाळा म्हणूनच पाहिले.

या शर्यतीत हायब्रिड गाडी पहिल्यांदा जिंकली ती २०१२ मध्ये. ऑडीच्या आर१८ ई-ट्रॉन क्वाट्रोमध्ये मागची चाके डिझेल इंजिनावर आणि पुढची चाके विजेवर फिरत. मात्र चारही चाकांना ताकद मिळण्याचा लाभ अवाजवी ठरू नये म्हणून १२० किमीच्या वेगाखाली पुढच्या मोटरी वापरण्यास नियमाने मज्जाव केला होता. २०१४ पासून आयोजकांनी आणखी पुढचे पाऊल टाकले आणि प्रत्येक फेरीत किती इंधन जाळता येईल यावरच बंधन घातले. पोर्शच्या ९१९ हायब्रिडने हे गणित सर्वांत चांगले सोडवले. तिचे इंजिन अवघे दोन लिटरचे, चार सिलिंडरांचे होते. वीज दोन वाटांनी जमा होई, एक पुढच्या चाकांच्या ब्रेकमधून आणि दुसरी धुराच्या झोतावर फिरणाऱ्या टर्बाइनमधून. ही गाडी २०१५, २०१६ आणि २०१७ अशी सलग तीन वर्षे जिंकली. रात्री ल माँच्या लांब सरळ रस्त्याच्या टोकाला, जिथे ब्रेकच्या चकत्या अंधारात लालभडक दिसतात, तिथे काही क्षणांत गोळा केलेली वीज पुढच्या वळणातून निघताना खर्च होई आणि हेच चक्र फेरीमागून फेरी चालू राही. आजच्या रस्त्यावरच्या गाड्यांमधली बरीचशी समज याच रात्रींमधून आलेली आहे.

शर्यतींमध्ये हे घडत असतानाच रस्त्यावरच्या गाड्यांपुढे वेगळा प्रश्न उभा होता. युरोपीय संघाने २००९ मध्ये नव्या गाड्यांच्या सरासरी कार्बन डायऑक्साइडवर प्रति किमी १३० ग्रॅमची मर्यादा घातली आणि नंतर ती ९५ ग्रॅमपर्यंत खाली आणली. मोजक्या गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांना सवलती होत्या. तरी वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे हे सर्वांना कळले होते. २०१३ मध्ये एकाच वर्षात तीन गाड्या आल्या आणि आजही या विषयावरची कोणतीही चर्चा त्यांच्यापासून सुरू होते. पोर्श ९१८ स्पायडर ८८७ अश्वशक्तीची होती आणि तिच्या ९१८ प्रतीच बनल्या. मॅक्लारेन पी१ ची ताकद ९१६ अश्वशक्ती आणि संख्या ३७५. फेरारीच्या लाफेरारीने ९६३ अश्वशक्ती गाठली आणि तिच्या ४९९ प्रती ठरवल्या गेल्या. पुढे इटलीतील भूकंपग्रस्तांच्या मदतीसाठी लिलावात विकण्यासाठी आणखी एक बनवली गेली.

या तिघींचे स्वभाव रात्रीच्या रस्त्यावर ठळकपणे वेगळे होते. लाफेरारीत केवळ विजेवर चालण्याचा मोडच नव्हता. तिच्यातली मोटर १२ सिलिंडरांच्या इंजिनाची सोबतीण होती, त्याच्याखेरीज तिला स्वतंत्र अस्तित्व नव्हते. पी१ विजेवर सुमारे १० किमी जाऊ शके, पण तिच्या मोटरीचे खरे काम टर्बोची उणीव झाकण्याचे होते. टर्बो फिरू लागून दाब तयार होईपर्यंत चालकाचा पाय आणि इंजिनाचा प्रतिसाद यांत क्षणभराचे अंतर पडते. ते अंतर मोटर भरून काढी, आणि गिअर वर टाकताना इंजिनाच्या फेऱ्या चटकन खाली आणण्यासाठीही तिचाच उपयोग होई. ९१८ ने मात्र विजेवरच्या प्रवासाला मानाचे स्थान दिले. चार्ज भरलेला असेल तर ती सुमारे ३० किमी इंजिनाविना जाई, तेही ताशी १५० किमीपर्यंतच्या वेगाने, आणि मोड निवडण्याचे चक्र स्टिअरिंगवरच असे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये तिने न्यूरबुर्गरिंगचा उत्तर मार्ग ६ मिनिटे ५७ सेकंदांत पार केला होता. इतकी वेगवान गाडी रात्री घराजवळून आवाज न करता जाऊ शकते, हे त्या काळी अनेकांना पटवून द्यावे लागे.

आवाज गेल्याने चालकाचे काय होते, हा या विषयातला सर्वांत कमी चर्चिलेला भाग आहे. दिवसा कडेची झाडे, खांब, कुंपणे डोळ्यांच्या कोपऱ्यातून मागे सरकत असतात आणि त्यावरून वेगाचा अंदाज येतो. रात्री दिव्यांच्या पट्ट्याबाहेर काळोख असतो, तो अंदाज सुटतो आणि चालक नकळत कानावर विसंबतो. इंजिनाचा सूर कितपत चढला आहे यावरून त्याला वेग कळतो. विजेवर चालताना तो सूरही नसतो. टायरांची घरघर आणि वाऱ्याचा आवाज तेवढा उरतो आणि तो इतक्या सावकाश वाढतो की वेग अनेकदा वाटतो त्याहून जास्त असतो. म्हणूनच या गाड्यांत समोरच्या पडद्याची मांडणी ही चैनीची बाब मानता येत नाही. आर्टुरामध्ये मोड बदलण्याच्या कळा आकड्यांच्या फलकाच्या दोन्ही बाजूंना आहेत आणि फलक स्टिअरिंगसोबत वरखाली होतो, त्यामुळे हात चाकावरून न काढता आणि नजर रस्त्यावरून फारशी न हलवता बदल करता येतो. अंधारात या एका सोयीचे मोल कित्येक अश्वशक्तींपेक्षा जास्त आहे, असे मी म्हणेन.

दिव्यांचा इतिहास या कथेला मध्येच येऊन मिळतो. ताशी १२० किमी वेगाने जाणारी गाडी सेकंदाला ३३ मीटर अंतर कापते आणि २०० किमीला हाच आकडा ५५ च्या पुढे जातो. डिपरच्या उजेडात जेमतेम दोन सेकंदांनंतरचे दिसत असेल, तर गाडीची उरलेली क्षमता निरर्थक ठरते. हॅलोजनचे दिवे १९६० च्या दशकात आले आणि झेनॉनचे १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या ७ मालिकेत. पुढचे दोन टप्पे मात्र हायब्रिड गाड्यांशी जोडलेले आहेत. एलईडीचा डिपर असलेली पहिली उत्पादित गाडी २००७ ची लेक्सस एलएस ६००एच होती, आणि २०१४ मध्ये लेझरचे दिवे बाजारात आणणाऱ्या पहिल्या गाड्यांत बीएमडब्ल्यू आय८ होती. त्या दिव्यांत निळे लेझर किरण फॉस्फर या किरण पडताच उजळणाऱ्या पदार्थावर पडून पांढरा उजेड तयार होतो, आणि अप्परचा पल्ला ६०० मीटरपर्यंत, म्हणजे नेहमीच्या एलईडीच्या जवळजवळ दुप्पट जातो. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांपुरता उजेड कापणाऱ्या मॅट्रिक्स एलईडीने पुढे लेझरची जागा बऱ्याच अंशी घेतली, कारण एकट्या चालकाला लांबचे दिसण्याइतकेच समोरच्याला न दिपवणे हेही महत्त्वाचे असते.

आय८ अनेक मराठी वाचकांना आठवत असेल. २०१५ मध्ये ती सचिन तेंडुलकर यांच्या उपस्थितीत भारतात सादर झाली. तीन सिलिंडरांचे दीड लिटरचे इंजिन आणि विजेची मोटर असलेली ही गाडी ताकदीने सुपरकारच्या पंगतीत बसणारी नव्हती. पण महागडी, वेगवान दिसणारी गाडी आवाजाविना जाऊ शकते, हे आपल्याकडे बहुतेकांनी पहिल्यांदा तिच्यात पाहिले. मॅक्लारेनने नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईत दालन उघडले आणि लँबोर्गिनी रेव्हुएल्टो २०२३ च्या डिसेंबरात भारतात आली.

२०१३ च्या तिन्ही गाड्या मर्यादित संख्येच्या होत्या. २०१९ च्या फेरारी एसएफ९० स्ट्राडालेने हे तंत्र नेहमीच्या उत्पादनात आणले. आठ सिलिंडरांचे इंजिन आणि तीन मोटरी मिळून १००० अश्वशक्ती, विजेवर सुमारे २५ किमी आणि त्या अवस्थेत ताशी १३५ किमीपर्यंत वेग. २०२१ मध्ये आर्टुरा आणि २९६ जीटीबी आल्या. ऊर्जेच्या वापराबाबत प्रत्येकीचा विचार निराळा आहे. ब्रेकच्या पायडलचा स्पर्श बिघडू नये म्हणून मॅक्लारेनने ब्रेकमधून वीज गोळा करण्याचा मोह टाळला आणि बॅटरी इंजिनानेच भरायचे ठरवले. १०१५ अश्वशक्तीच्या रेव्हुएल्टोची बॅटरी केवळ ३.८ किलोवॉट-तासांची आहे, पण कंपनीच्या सांगण्यानुसार इंजिन ती सहा मिनिटांत भरते. तिचा ‘चित्ता’ (इटालियन भाषेत ‘शहर’) हा मोड नावाप्रमाणे शहरासाठी आहे आणि त्यात ताकद १८० अश्वशक्तीपुरती मर्यादित ठेवली जाते. रात्री बाहेर पडणाऱ्याला यातून एक शिस्त लागते. मोकळ्या रस्त्यावर सगळी वीज उधळली तर परतीच्या वेळी वस्तीत शिरताना इंजिन चालू ठेवण्यावाचून गत्यंतर नसते, म्हणून अनुभवी चालक शेवटच्या टप्प्याआधीच बॅटरी भरून घेणारा मोड निवडतात.

या शांततेला आता कायद्याचीही दुहेरी चौकट आहे. लंडनच्या केन्सिंग्टन अँड चेल्सी या भागात सुपरकारच्या गोंगाटाविरुद्धच्या तक्रारी इतक्या वाढल्या की तिथल्या कौन्सिलने २०१५ मध्ये इंजिन विनाकारण चढवण्यावर बंदी घातली आणि २०२० मध्ये आवाज टिपणारे कॅमेरे लावून पाहिले. दुसरीकडे, विजेवर चालणारी गाडी पादचाऱ्याला, विशेषतः दृष्टिहीनाला, ऐकूच येत नाही हा धोका ओळखून युरोपीय संघाने जुलै २०१९ पासून नव्या प्रकारच्या आणि जुलै २०२१ पासून सर्व नव्या विजेच्या व हायब्रिड गाड्यांना ताशी २० किमीपर्यंतच्या वेगात कृत्रिम आवाज करणे बंधनकारक केले. ताशी २० किमीला हा आवाज किमान ५६ डेसिबल असावा लागतो. नियम गाडी मागे घेतानाही लागू आहे. एसएफ९०, आर्टुरा आणि रेव्हुएल्टो या गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये वजन वाचवण्यासाठी रिव्हर्स गिअर ठेवलेलाच नाही, मागे जाण्याचे काम पूर्णपणे विजेच्या मोटरींवर सोपवलेले आहे. त्यामुळे युरोपात इंजिन बंद ठेवून अशी गाडी मध्यरात्री गॅरेजमध्ये उलटी लावताना जो हलका गुणगुणाट ऐकू येतो, तो नियमानुसार बसवलेल्या स्पीकरचा असतो.