स्थानिक कराचा पाया : माणशी, घरावर की उत्पन्नावर

स्थानिक कराचा पाया : ग्रामपंचायत, नगरपरिषद किंवा महानगरपालिका यांनी आपला खर्च भागवण्यासाठी रहिवाशांवर बसवायचा कर कोणत्या मापाने आकारावा, हा सार्वजनिक वित्तव्यवहारातला जुना वाद. मापे मुख्यतः तीन. प्रत्येक प्रौढ रहिवाशाकडून सारखी रक्कम घेतली की तो माणशी कर. घर, गाळा, जमीन यांच्या मोलावर बसवला की ती घरपट्टी किंवा मालमत्ता कर. कमाईच्या टक्केवारीने घेतला की तो स्थानिक उत्पन्न कर. बहुतेक देशांत यांतले एक माप मुख्य असते. जपानमध्ये तिन्ही एकत्र नांदतात. तिथल्या रहिवासी कराचा एक भाग उत्पन्नाच्या १० टक्के असतो, दुसरा भाग दरडोई ठरावीक येनांचा असतो, आणि घर-जमिनीवर १.४ टक्के या प्रमाण दराने वेगळा कर भरावा लागतो.

तिन्ही बाजूंचा युक्तिवाद थोडक्यात सांगता येतो. कचरा माणसे करतात, रस्त्याने माणसे चालतात, मतही माणसेच देतात, म्हणून कर माणशी हवा. उलट, गटार झाले, रस्ता रुंद झाला, शाळा आली की मोल वाढते ते घराचे. शिवाय घर उचलून शेजारच्या गावी नेता येत नाही, म्हणून कर घरावर हवा. तिसरा पक्ष विचारतो की घर मोठे असले तरी हातात पैसा नसेल तर कर भरायचा कशातून? हे तिन्ही मुद्दे खरे आहेत, म्हणूनच वाद मिटत नाही. मात्र कोणते माप प्रत्यक्षात टिकते आणि कोणते कोसळते, हे पाहायला ब्रिटनचा अनुभव सर्वांत उपयोगी आहे, कारण त्या देशाने चार वर्षांत घरावरून माणसावर आणि माणसावरून पुन्हा घरावर अशी उलटसुलट वाटचाल केली.

इंग्लंडमध्ये घरावरच्या कराची परंपरा १६०१ च्या गरीब-साहाय्य कायद्यापर्यंत मागे जाते. घर भाड्याने दिले तर वर्षाला किती भाडे येईल, या अंदाजावर तो कर बसे. त्याला ‘रेट्स’ म्हणत. आपल्याकडच्या घरपट्टीतले ‘करपात्र मूल्य’ याच पद्धतीतून आले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या करावर एक आक्षेप सतत घेतला जाऊ लागला : मोठ्या घरात एकटी राहणारी वृद्ध विधवा आणि शेजारच्या तशाच घरातले चार कमावते यांना कर सारखाच. १९७६ मध्ये लेफील्ड समितीने रेट्सच्या जोडीला स्थानिक उत्पन्न कर सुचवला, पण सरकारने तो उचलला नाही. पुढे १९८५ मध्ये स्कॉटलंडमध्ये घरांची फेरआकारणी झाली, अनेकांची बिले एकदम वाढली आणि मध्यमवर्गीय मतदार संतापला. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने १९८६ च्या जानेवारीत घरावरचा कर रद्द करून माणशी कर आणण्याचा प्रस्ताव मांडला. त्याचे अधिकृत नाव ‘कम्युनिटी चार्ज’; लोकांनी त्याला ‘पोल टॅक्स’च म्हटले, आणि त्या नावामागे १३८१ च्या शेतकरी उठावाची आठवण होती. तो उठाव राजाने डोईमागे १२ पेन्स मागितल्यामुळे पेटला होता.

सरकारचा हेतू केवळ श्रीमंतांना सवलत देण्याचा होता, असे म्हणणे अर्धवट ठरेल. मत देणारा प्रत्येक जण थोडा तरी कर भरील, तर उधळ्या नगरपालिकेला तो मतपेटीतून जाब विचारील, असा त्यामागचा हिशेब होता. म्हणूनच बेकार आणि विद्यार्थी यांनाही किमान २० टक्के रक्कम भरायला लावली. हा हिशेब कागदावर चोख होता. प्रत्यक्षात त्यात एक मोठी खोट निघाली. व्यापारी मालमत्तेवरचा कर केंद्राने आपल्या हाती घेतला होता आणि अनुदान ठरावीक होते, त्यामुळे माणशी करातून स्थानिक खर्चाचा साधारण चौथा हिस्सा भागायचा. खर्च १ टक्क्याने वाढला की कर सुमारे ४ टक्क्यांनी वाढे. अंदाजापेक्षा कितीतरी मोठी बिले घरोघरी गेली, आणि नागरिकांनी जाब विचारला तो नगरपालिकेला नव्हे, थेट पंतप्रधानांना.

स्कॉटलंडमध्ये १ एप्रिल १९८९ रोजी आणि इंग्लंड-वेल्समध्ये १ एप्रिल १९९० रोजी हा कर सुरू झाला. त्याच्या आदल्या दिवशी, ३१ मार्च १९९० ला, लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात निघालेल्या प्रचंड मोर्च्याचे दंगलीत रूपांतर झाले. वेस्टमिन्स्टरचा ड्यूक, म्हणजे गडगंज श्रीमंत उमराव, आणि त्याचा कचरा उचलणारा कामगार सारखाच कर भरणार, ही गोष्ट कुणालाच पटवून देता आली नाही. पण हा कर केवळ अन्यायामुळे पडला नाही. वसुलीतही तो फसला. घर जागचे हलत नाही, भाडेकरू मात्र वर्षातून दोनदा खोली बदलतो. प्रत्येक प्रौढाची नोंद ठेवणे, स्थलांतर झाले की ती बदलणे, थकबाकीदाराला शोधून नोटीस देणे यांत वसुलीचा खर्च रेट्सच्या दुपटीहून अधिक झाला. कर टाळण्यासाठी कित्येकांनी मतदार यादीत नावच येऊ दिले नाही. मतदाराला जबाबदार करण्यासाठी आणलेल्या करामुळे मतदारच यादीतून नाहीसे झाले, हे या प्रयोगाचे सर्वांत मोठे नुकसान. नोव्हेंबर १९९० मध्ये थॅचर पायउतार झाल्या, त्यामागे हे एक मोठे कारण होते. मार्च १९९१ च्या अर्थसंकल्पात माणशी कर १४० पौंडांनी खाली आणला गेला आणि त्याची भरपाई म्हणून मूल्यवर्धित कर १५ वरून १७.५ टक्क्यांवर नेला. स्थानिक कर फसला की त्याचा भार असा गुपचूप सगळ्यांच्या खरेदीवर जाऊन बसतो.

१ एप्रिल १९९३ पासून ‘कौन्सिल टॅक्स’ आला. नोकरी-शिक्षणासाठी तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांना ओळखीचा असलेला कर तो हाच. तो घरावर आहे, पण पूर्णपणे नाही. आकारणी करताना घरात दोन प्रौढ आहेत असे धरतात. एकच असेल तर २५ टक्के सवलत मिळते, आणि घरात सगळेच पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर कर माफ होतो. म्हणजे माणशी मापाचा अंश त्यात उरला आहे. अशी सरमिसळ पुण्यातही दिसते : मालक स्वतः राहत असेल तर घरपट्टीत मिळणारी ४० टक्क्यांची सवलत तिथे १९७० पासूनची; मध्यंतरी ती काढून घेतली गेली आणि २०२३ मध्ये परत दिली गेली. निव्वळ घर पाहून कर घ्यायचा, असे म्हणणारेही आत कोण राहते हे शेवटी विचारतातच.

कौन्सिल टॅक्ससाठी इंग्लंडमध्ये घरांचे ए ते एच असे आठ पट्टे पाडले आहेत. ४० हजार पौंडांपर्यंतचे घर ए पट्ट्यात, ३ लाख २० हजारांवरचे एच पट्ट्यात. किमतीत किमान आठपटीचे अंतर, कर मात्र तिप्पटच. त्याहून गंभीर गोष्ट अशी की या किमती १ एप्रिल १९९१ च्या आहेत. वेल्सने २००५ मध्ये फेरआकारणी केली, त्यात वरच्या पट्ट्यात गेलेली घरे खाली आलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त निघाली. तो गदारोळ पाहून इंग्लंडने त्याच वर्षी आपली फेरआकारणी पुढे ढकलली. आजही तिथे नवे घर बांधले की ते १९९१ मध्ये असते तर केवढ्याला गेले असते, याचा अंदाज बांधून पट्टा ठरतो.

घरावरच्या कराचे खरे दुखणे इथे आहे. पाया चांगला असतो, पण मोजणी जुनी होते, आणि ती नवी करण्याचे धैर्य निवडून आलेल्या कोणालाच होत नाही. कॅलिफोर्नियात जून १९७८ मध्ये लोकांनी मतदानाने कायदाच करून घेतला : कर किमतीच्या १ टक्क्याहून जास्त नाही, आणि घर विकले जाईपर्यंत करासाठी धरलेली किंमत वर्षाला २ टक्क्यांहून अधिक वाढवायची नाही. त्यामुळे भिंतीला भिंत लागून असलेल्या सारख्या घरांत नवा मालक जुन्याच्या कितीतरी पट कर भरतो.

मुंबईत हेच वेगळ्या वाटेने घडले. करपात्र मूल्य भाड्यावर ठरे, आणि १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या इमारतींची भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली होती. कायद्याने ठरलेल्या प्रमाण भाड्याहून अधिक भाडे कर लावताना धरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले. परिणाम असा की दक्षिण मुंबईतल्या मोक्याच्या जागेवरची जुनी इमारत नाममात्र कर भरे आणि मुलुंड-बोरिवलीच्या नव्या सदनिकेला त्याहून जास्त बिल येई. पागडीवर राहणाऱ्याला भाड्यात मिळालेले संरक्षण योग्यच होते. त्याच भाड्यावर पालिकेचा कर टांगून ठेवणे चुकीचे होते. १ एप्रिल २०१० पासून मुंबईने भाडे सोडून भांडवली मूल्य धरले, म्हणजे रेडी रेकनरच्या (सरकारने भागवार ठरवलेल्या जमीन-घरांच्या) दरावरून काढलेली किंमत. त्याच्या नियमांतही रिकाम्या जमिनीवर भविष्यात किती बांधकाम होऊ शकेल ते धरून कर लावण्याची तरतूद होती. ती उच्च न्यायालयाने रद्द केली आणि २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला.

त्याच वर्षाच्या जानेवारीपासून मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या (४६.४५ चौरस मीटर) राहत्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला आहे. लहान घरातल्या कुटुंबाला दिलासा द्यावा, हा हेतू सर्वथा योग्य. पण माफीचे माप मोलाचे नसून चटईक्षेत्राचे आहे. मानखुर्दच्या पुनर्वसन इमारतीतली खोली आणि मलबार हिलवरची तेवढीच सदनिका या मापात सारख्या ठरतात. माफी क्षेत्रफळाऐवजी भांडवली मूल्याच्या मर्यादेवर दिली असती, तर गरजूला तेवढाच दिलासा मिळाला असता आणि पालिकेचे उत्पन्नही कमी बुडाले असते.

लोक घरपट्टी नेहमीच निमूटपणे भरत आले, असेही नाही. कंपनी सरकारने १८१० मध्ये बनारसला घरावर कर बसवला तेव्हा दुकानदार, कारागीर कामधंदा बंद करून शहराबाहेर मैदानात जाऊन बसले, आणि अखेर सरकारला तो कर मागे घ्यावा लागला.

भारतात माणशी कराला घटनेने मनाई केलेली नाही. सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत तो ६१ व्या क्रमांकावर आहे. रहिवाशांवर तो कोणी बसवत नाही. पाहुण्यांवर मात्र बसतो : माथेरानला दस्तुरी नाक्यावर आत जाताना प्रत्येक पर्यटकाकडून नगरपरिषद घेते तो कर याच जातीचा. हे मला अगदी रास्त वाटते. दिवसभरासाठी येणाऱ्याचे तिथे घर नसते, कमाई नसते, पण पाणी, कचरा, वाटा यांचा भार तो टाकतोच. त्याच्यापुरते माणशी माप हेच योग्य माप आहे.

उत्पन्नावरचा कर मात्र भारतीय नगरपालिकेच्या हाती नाही, कारण शेतीबाहेरच्या उत्पन्नावरील कर केंद्राच्या सूचीत आहे. त्याच्या जवळ जाणारा एकच कर म्हणजे व्यवसाय कर. त्यावर घटनेच्या २७६ व्या कलमाने वर्षाला २५०० रुपयांची मर्यादा घातली आहे, आणि ती १९८८ पासून तशीच आहे. तमिळनाडू आणि केरळात तो स्थानिक संस्था गोळा करतात. महाराष्ट्रात १९७५ पासून राज्य सरकार घेते. तो आणला गेला रोजगार हमी योजनेसाठी : शहरातल्या पगारदाराच्या कपातीतून दुष्काळी गावातल्या मजुराला काम. कारण मोलाचे होते, पण त्यामुळे इथल्या नगरपालिकांना रहिवाशांच्या वाढत्या कमाईत वाटा मिळण्याची एकमेव वाटही बंद झाली. पुढे जकात गेली, तिच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला आणि गेला, मुंबईची जकातही २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराने संपवली. आता स्वतःचा म्हणावा असा मोठा कर घरपट्टीच उरला आहे, बाकी मदार राज्याच्या भरपाईवर.

उत्पन्नाच्या पायाचे सर्वांत भक्कम उदाहरण स्वीडन. तिथे नगरपालिका आणि प्रांत मिळून सरासरी सुमारे ३२ टक्के उत्पन्न कर घेतात, आणि बहुतेक कमावत्यांना त्यापलीकडे केंद्राचा उत्पन्न कर भरावाच लागत नाही. हे चालते त्याला दोन आधार आहेत : वसुली राष्ट्रीय कर-यंत्रणा करते, आणि श्रीमंत गावांकडून गरीब गावांकडे पैसा वळवणारी समीकरण व्यवस्था आहे. ती नसती तर श्रीमंतांचे उपनगर कमी दरात सुखी आणि उत्तरेकडचे ओस पडत चाललेले गाव जास्त दर लावूनही कंगाल, असे झाले असते. दुसरी अडचण रोज ये-जा करणाऱ्यांची. कल्याण, विरार, पनवेलहून मुंबईत कामाला येणाऱ्याची कमाई कोणत्या महानगरपालिकेची? फिलाडेल्फियाने १९३९ मध्ये वेतनावर कर बसवला, तो शहरात कामाला येणाऱ्या बाहेरच्यांनाही लागू केला. स्कॉटलंडमध्ये २००७ साली सत्तेवर आलेल्या राष्ट्रवादी पक्षाने कौन्सिल टॅक्सऐवजी पौंडामागे ३ पेन्स उत्पन्न कराचे आश्वासन दिले होते. २००९ मध्ये ते मागे ठेवावे लागले.

मग मोठ्या घरातल्या त्या वृद्ध विधवेचे काय? तिच्यासाठी पाया बदलण्याची गरज नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ५५ किंवा त्याहून अधिक वयाच्या घरमालकाला आणि मालकाच्या पश्चात राहिलेल्या जोडीदाराला मालमत्ता कर पुढे ढकलता येतो. नगरपालिकेला तो प्रांतिक सरकार लगेच भरते, आणि घर विकले गेले की व्याजासह वसूल करते. म्हातारपणी घर सोडावे लागत नाही, आणि गावाचा कर बुडत नाही. महाराष्ट्रातल्या महानगरपालिकांत थकलेल्या करावर दरमहा २ टक्के शास्ती चढते, आणि वेळोवेळी अभय योजना आणून तीच शास्ती थकबाकीदारांना सरसकट माफ केली जाते. निवृत्तिवेतनावर राहणाऱ्या, पण शहराच्या मध्यभागी जुने घर असलेल्या माणसाला या दोन्हींऐवजी कर पुढे ढकलण्याची सोय कायद्याने मिळाली, तर फेरआकारणीला होणारा सर्वांत प्रामाणिक विरोधही मावळेल.