डर्क हार्टॉग बेट

पश्चिम ऑस्ट्रेलियातील शार्क बे या उपसागराच्या तोंडाशी पसरलेले लांबट, वालुकामय बेट. लांबी सुमारे ८० किमी., क्षेत्रफळ सुमारे ६३० चौ. किमी. राज्यातील हे सर्वांत मोठे बेट. या भागातील मूळ रहिवासी मलगाना लोक त्याला विरुवाना म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून येथे लोकरीसाठी मेंढ्या पाळल्या जात. २००९ मध्ये बेटाचा बहुतेक भाग राष्ट्रीय उद्यान झाला. मेंढ्या, रानटी झालेल्या बकऱ्या आणि मांजरे पूर्णपणे हटवून नाहीशा झालेल्या प्राण्यांना परत आणण्याचे काम तेव्हापासून येथे चालू आहे. वन्यजीव संवर्धनाच्या इतिहासात इतक्या धीराने आणि इतक्या मोठ्या जागेवर झालेली कामे थोडी आहेत.

इतिहासाच्या पुस्तकांत हे बेट वेगळ्याच कारणाने येते. २५ ऑक्टोबर १६१६ रोजी एंड्राख्ट या डच जहाजाचा कप्तान डर्क हार्टॉग येथे उतरला. जाताना त्याने उत्तर टोकावर आपल्या भेटीचा मजकूर कोरलेली कथिलाची थाळी खांबाला ठोकून ठेवली. १६९७ मध्ये आलेल्या विलेम द व्लामिंग या डच खलाशाने ती काढून नेली आणि तिच्या जागी आपली थाळी लावली. हार्टॉगची थाळी आज ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये आहे. या टोकाला केप इन्स्क्रिप्शन म्हणतात.

फ्रान्सिस लुई फॉन बिब्रा याने १८६० च्या दशकात बेट चराईसाठी भाडेपट्ट्याने घेतले. पाऊस कमी, माती म्हणजे बहुतांशी वाळू, वर बुटकी खारट झुडपे. अशा जमिनीवर मेंढ्या जगतात, पण त्या जमिनीला पुन्हा उभे राहायला उसंत देत नाहीत. त्यांच्याबरोबर बकऱ्या आल्या व रानात पसरल्या, आणि माणसांबरोबर मांजरे आली. झुडपांचा आडोसा एकीकडे चरून संपत गेला आणि दुसरीकडे शिकारी वाढला. बेटावरच्या जमिनीवर राहणाऱ्या १३ सस्तन जातींपैकी १० संपल्या. बोडी आणि वॉइली (दोन्ही सशाएवढ्या छोट्या कांगारूंसारखे), बँडिकूट (लांब नाकाचा, जमीन उकरणारा), डिबलर (उंदराएवढा, किडे खाणारा), काड्यांची घरटी रचणारा मोठा उंदीर ही त्यांतली काही नावे. ऑस्ट्रेलियात अन्यत्रही हेच घडले आहे. साधारण ३५ ग्रॅम ते ५.५ किग्रॅ. वजनाच्या जाती तेथे सर्वाधिक संख्येने नष्ट झाल्या, कारण मांजर आणि कोल्हा यांच्या तोंडी सहज येणारा घास तेवढाच असतो.

शेजारच्या बर्निअर आणि डोर या लहान बेटांवर मात्र मांजरे, कोल्हे टिकले नाहीत, आणि मुख्य भूमीवरून गेलेल्या कित्येक शिशुधान (पिल्लाला पोटावरच्या पिशवीत वाढवणाऱ्या) जाती तेथे तग धरून राहिल्या. पट्टेदार हेअर-वॉलबी (कांगारूच्या कुळातली एक लहान जात) नैसर्गिकरीत्या फक्त या दोन बेटांवर उरली होती. त्याच बेटांवर १९०८ ते १९१९ या काळात सरकारने आजारपणाच्या नावाखाली आदिवासी स्त्री-पुरुषांना जबरदस्तीने आणून डांबले होते. त्यांतले कितीतरी घरी परतले नाहीत. प्राण्यांचा आसरा म्हणून या बेटांचे कौतुक होते तेव्हा ही गोष्टही सांगितली गेली पाहिजे.

पुनरुज्जीवनाच्या प्रकल्पाचे नाव ‘रिटर्न टू १६१६’. हार्टॉग उतरला त्या वेळी बेटावर जी जीवसृष्टी असेल तिच्या जवळ जाणे हे त्याचे उद्दिष्ट. पैशाचा मोठा वाटा बॅरो बेटावरील गॉर्गन वायू प्रकल्पाशी जोडलेल्या संवर्धन निधीतून आला. नावातले साल एका युरोपीय खलाशाचे आहे, हे मात्र खटकते. विरुवाना त्याच्या येण्याआधी रिकामे नव्हते, आणि मलगाना लोकांना या बेटाची ओळख त्याच्या थाळीने झालेली नाही.

पहिले काम चरणारी जनावरे हटवण्याचे. मेंढ्या गोळा करून बाहेर नेल्या. मोकाट राहिलेल्या मेंढ्या व हजारो बकऱ्या हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालून संपवल्या. शेवटच्या काही बकऱ्या शोधणे सर्वांत अवघड. त्यासाठी काही बकऱ्यांच्या गळ्यात रेडिओ-पट्टा बांधून त्यांना सोडले गेले. बकरीला एकटे राहवत नाही, ती कळप शोधून काढतेच, आणि तिच्या मागाने शिकारी पोहोचतात. २०१७ पर्यंत बेट मेंढ्या-बकऱ्यांपासून मुक्त झाले.

मांजरांचे काम याहून चिकाटीचे होते. २०१४ मध्ये बेटाच्या रुंदीवर आरपार सुमारे १३ किमी. लांबीचे कुंपण घालून त्याचे दोन भाग पाडले, म्हणजे एक भाग साफ केल्यावर दुसऱ्यातून मांजरे परत येऊ नयेत. मग विमानातून विषारी आमिषे टाकली, सापळे लावले, वाळूतल्या पावलांचे ठसे रोज तपासले, कॅमेरे बसवले आणि वास काढणारे कुत्रे आणले. वापरलेले विष ‘१०८०’ म्हणजे सोडियम फ्ल्युओरोॲसिटेट. पश्चिम ऑस्ट्रेलियातील गॅस्ट्रोलोबियम वंशाच्या झुडपांत हेच द्रव्य निसर्गतः असते. हजारो वर्षे ती झुडपे खाऊन, किंवा ती खाणाऱ्यांना खाऊन, तेथील अनेक देशी प्राण्यांना ते बऱ्याच प्रमाणात पचते. बाहेरून आलेल्या मांजराला नाही. असा आधार जगात फार थोड्या ठिकाणी मिळेल, म्हणून येथली पद्धत उचलून दुसरीकडे जशीच्या तशी वापरता येत नाही. शेवटचे मांजर २०१६ मध्ये गेले. तरीही दोन वर्षे पाहणी चालू ठेवून २०१८ मध्येच बेट मांजरमुक्त जाहीर केले गेले. मांजरे पूर्णपणे हटवली गेलेले हे तोवरचे जगातील सर्वांत मोठे बेट.

त्यानंतर प्राणी येऊ लागले. पट्टेदार आणि तांबूस अशा दोन्ही हेअर-वॉलबींची लहान चाचणी २०१७ मध्ये झाली. २०१८ मध्ये बर्निअर आणि डोर येथून १४० वॉलबी आणून सोडल्या. शार्क बे बँडिकूट आणि डिबलर २०१९ मध्ये, शार्क बे उंदीर २०२१ मध्ये आणि ग्रासरेन हा जमिनीलगत वावरणारा छोटा पक्षी २०२२ मध्ये आला. एकूण १३ जातींची योजना आहे. दोन हेअर-वॉलबी या बेटावर पूर्वी होत्या याचा पुरावा नाही. त्यांना आणले ते आणखी एक सुरक्षित घर मिळावे म्हणून. उकरणाऱ्या प्राण्यांचे महत्त्व वेगळे आहे. बँडिकूट अन्नासाठी सारखे खड्डे करतो. त्या खड्ड्यांत पालापाचोळा आणि बी साचते, पावसाचे थोडके पाणी वाहून न जाता जिरते, आणि तेथेच रोप धरते. मेंढ्यांच्या खुरांनी दडपलेल्या जमिनीची मशागत आता हे प्राणी करतात.

पर्यटन या कामाला जोडलेले आहे आणि जाणीवपूर्वक आटोक्यात ठेवलेले आहे. पर्थचे व्यापारी व महापौर सर थॉमस वॉर्डल यांनी १९६९ मध्ये बेटाचा भाडेपट्टा घेतला होता. मेंढीपालन संपल्यावर कुटुंबाच्या पुढच्या पिढीने लोकर कातरणाऱ्या कामगारांच्या जुन्या दगडी घराचे अतिथिगृह केले. पाहुण्यांना जेवण आणि मुक्काम तेथे मिळतो. इतरांसाठी उद्यानात तंबूच्या साध्या जागा आहेत. मुख्य भूमीचे सर्वांत पश्चिमेचे टोक असलेल्या स्टीप पॉइंटजवळून तराफ्यासारख्या सपाट बोटीने गाडी पलीकडे नेतात. चारही चाकांना जोर असलेली गाडीच चालते, आणि वाळूत रुतू नये म्हणून टायरांतली हवा कमी करावी लागते. एका वेळी २० खासगी गाड्यांपेक्षा जास्त गाड्यांना परवानगी नाही.

वॉलबी आणि बँडिकूट मुख्यतः रात्री बाहेर पडतात, त्यामुळे दिवसाच्या फेरीत त्यांचे दर्शन क्वचितच होते. पाहण्यासारखे बाकी भरपूर आहे: पश्चिमेचे उंच कडे व त्यांतून फवारे उडवणारी भोके, उथळ पाण्यात समुद्री गवत चरणारे ड्युगाँग, हंगामात जाणारे हंपबॅक देवमासे. उत्तरेच्या टर्टल बे येथे उन्हाळ्यात लॉगरहेड कासवे अंडी घालतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातील त्यांची ही सर्वांत मोठी वीण. शार्क बे १९९१ पासून जागतिक वारसास्थळ आहे.

पाळीव प्राणी आणण्यास पूर्ण बंदी आहे. बोटीवर चढण्यापूर्वी गाडी, तंबू, बूट आणि सामानाच्या पेट्या बिया, माती, उंदीर व किड्यांसाठी तपासाव्या लागतात. गर्भार मांजर किंवा घुशींची एखादी जोडी सामानातून उतरली, तर दहा वर्षांचे काम धुळीला मिळू शकते. म्हणून मांजरे गेल्यानंतरही बेटावर पाळत ठेवली जाते.