अब्जांश द्रव्ये : सुरक्षा व नियमन

साधारण १ ते १०० नॅनोमीटर मापाचे कण, तंतू व पापुद्रे यांचा आरोग्यावर व पर्यावरणावर होणारा परिणाम आणि त्यांच्या उत्पादन-वापरावरील कायदेशीर बंधने, असे या विषयाचे दोन भाग पडतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. त्यावरून मराठीत ‘अब्जांश’ ही संज्ञा सुचविली गेली, पण व्यवहारात ‘नॅनो’ हाच शब्द चालतो.

विषयाची सुरुवात कोठून धरावी याबाबत मतभेद आहेत. नॅनो-तंत्रज्ञानाचा इतिहास अमेरिकन भौतिकीविज्ञ रिचर्ड फाइनमन यांच्या डिसेंबर १९५९ मधील व्याख्यानापासून सांगण्याची प्रथा आहे. ‘नॅनोटेक्नॉलॉजी’ हा शब्द मात्र जपानी शास्त्रज्ञ नोरिओ तानिगुची यांनी १९७४ मध्ये वापरला. सुरक्षेच्या प्रश्नाशी या दोन्ही घटनांचा संबंध दूरचाच. ‘नॅनोटॉक्सिकॉलॉजी’ (नॅनोविषविज्ञान) हे नाव २००४-०५ च्या सुमारास केन डोनाल्डसन, ग्युंटर ओबरडोर्स्टर प्रभृती विषवैज्ञानिकांच्या लेखांमुळे रुळले, म्हणून काही लेखक ही शाखा तेव्हापासूनची मानतात. परंतु ओबरडोर्स्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातच टायटॅनियम डाय-ऑक्साइड या पांढऱ्या रंगद्रव्याचे सुमारे २० व सुमारे २५० नॅनोमीटरचे कण उंदरांना देऊन पाहिले होते. वजन सारखे असूनही लहान कणांनी फुप्फुसांचा दाह अधिक झाला. मात्रा वजनाऐवजी पृष्ठफळात मोजल्यावर हा फरक बराचसा मिटला. ॲस्बेस्टॉस व खाणीतील धूळ यांमुळे होणाऱ्या फुप्फुसरोगांच्या जुन्या अभ्यासाचीच ही फांदी आहे, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. आयुर्वेदातील काही भस्मांत नॅनो मापाचे कण आढळले आहेत. तेवढ्यावरून प्राचीन नॅनो-तंत्रज्ञानाचा दावा करणे घाईचे होईल.

पृष्ठफळाला एवढे महत्त्व का, हे साध्या हिशेबाने कळते. १ सेंमी. बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौ. सेंमी. असते, त्याच घनाचे १० नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले तर एकूण पृष्ठफळ ६०० चौ. मी. भरते. शरीरातील द्रवांशी व पेशींशी होणाऱ्या रासायनिक क्रिया या पृष्ठभागावर घडतात. रक्तात शिरलेल्या कणावर प्रथिनांचा थर चढतो आणि पुढे पेशीला मूळ कणाऐवजी हा थरच ‘दिसतो’. तंतूंची गोष्ट आणखी निराळी आहे. लांब व ताठ कार्बन नलिका (कार्बन अणूंच्या पापुद्र्याच्या अतिसूक्ष्म गुंडाळ्या) भक्षकपेशींना, म्हणजे परके कण गिळणाऱ्या पेशींना, पूर्ण गिळता येत नाहीत. अशा नलिका उंदरांच्या उदरपोकळीत सोडल्यावर ॲस्बेस्टॉससारखी विकृती दिसल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये बहुभित्ती (एकात एक अनेक भिंती असलेल्या) नलिकांच्या एकाच प्रकाराला (एमडब्ल्यूसीएनटी-७) ‘संभाव्य कर्ककारक’ अशा २-बी गटात घातले; इतर नलिकांसाठी पुरावा अपुरा ठरविला. कामाच्या जागी कार्बन नलिकांची मर्यादा घ.मी. हवेत १ मायक्रोग्रॅम असावी, अशी अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेची २०१३ ची शिफारस आहे. ती कायद्याने बंधनकारक नाही.

नियमनातील खरी अडचण व्याख्येची. यूरोपीय आयोगाच्या ऑक्टोबर २०११ च्या शिफारशीनुसार ज्या द्रव्यातील संख्येने ५० टक्के वा अधिक कणांचे निदान एक माप १ ते १०० नॅनोमीटरच्या दरम्यान आहे, ते नॅनोद्रव्य. येथे ‘संख्येने’ हा शब्द निर्णायक आहे. १ मायक्रोमीटर व्यासाच्या एका कणाचे वजन त्याच पदार्थाच्या १० नॅनोमीटरच्या दहा लाख कणांएवढे असते. त्यामुळे वजनात नगण्य असलेला बारीक अंश संख्येत बहुमत मिळवू शकतो, आणि मोजणीची पद्धत बदलली की निकालही बदलतो. उद्योगांचा कल वजनाकडे होता. विशिष्ट प्रसंगी ५० टक्क्यांचा उंबरठा खाली आणण्याची मूळ शिफारशीतील मुभा जून २०२२ च्या सुधारणेत काढण्यात आली. १०० नॅनोमीटरची रेषा प्रशासनाच्या सोयीची आहे. ती ओलांडताच कण निरुपद्रवी होतो, असे विषविज्ञान सांगत नाही.

याचे बोलके उदाहरण म्हणजे मिठाई व च्युइंगगम यांना पांढरा रंग देणारे टायटॅनियम डाय-ऑक्साइड (यूरोपातील अन्नमिश्रक क्रमांक ई-१७१). त्यात नॅनो मापाचे कण संख्येने फार तर निम्मे असतात. जनुकीय इजेची शक्यता नाकारता येत नाही, म्हणून ते सुरक्षित मानता येत नाही, असे यूरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मे २०२१ मध्ये कळविले आणि २०२२ मध्ये यूरोपीय संघात अन्नातील त्याच्या वापरावर बंदी आली. ब्रिटन व कॅनडा यांच्या तज्ज्ञांना मात्र तोच पुरावा पुरेसा वाटला नाही. सौंदर्यप्रसाधनांत नॅनोघटकाच्या नावापुढे ‘नॅनो’ लिहिणे यूरोपात जुलै २०१३ पासून सक्तीचे आहे. रसायनांच्या नोंदणीत नॅनोरूपांची वेगळी माहिती २०२० पासून द्यावी लागते.

पर्यावरणातील अभ्यास तुलनेने विरळ आहे. मोज्यांसारख्या कपड्यांत जंतुनाशक म्हणून घातलेली व धुऊन निघालेली नॅनोचांदी सांडपाण्यात बहुतांशी सल्फाइडमध्ये बदलते व तिची विषाक्तता घटते. नैसर्गिक मातीच्या कणांतून कृत्रिम कण वेगळे ओळखणे कठीण असते.

भारतात नॅनो मिशन हा सरकारी संशोधन-कार्यक्रम २००७ मध्ये सुरू झाला. नॅनोऔषधांसाठी २०१९ मध्ये आणि नॅनो कृषी-निविष्ठा व अन्नपदार्थांसाठी २०२० मध्ये मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे आली. नॅनोद्रव्यांसाठी स्वतंत्र कायदा नाही. इफ्को या सहकारी संस्थेचा द्रवरूप नॅनो युरिया २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशाखाली अधिसूचित झाला. अर्ध्या लिटरची एक बाटली युरियाच्या ४५ किग्रॅ.च्या गोणीची जागा घेते, असा दावा होता. सुरुवातीच्या ४ टक्के नत्राच्या हिशेबाने बाटलीत सुमारे २० ग्रॅम नत्र येते, तर गोणीत २० किग्रॅ.हून अधिक. पानांवाटे शोषणाची कार्यक्षमता हे समर्थकांचे उत्तर आहे. पंजाब कृषी विद्यापीठाच्या भात-गव्हावरील चाचण्यांत उत्पादन व धान्यातील प्रथिने घटल्याचे आढळले, आणि कोपनहेगन विद्यापीठातील संशोधकांनी दाव्यामागील वनस्पतिशास्त्रालाच आक्षेप घेतला. हा वाद मुख्यतः परिणामकारकतेभोवती फिरला. फवारणी करणाऱ्याच्या श्वासात जाणाऱ्या तुषारांची चर्चा त्यात थोडीच झाली.